तळमजल्याची वही: शुक्रवार पेठेतल्या अभ्यासिकेच्या नोंदी

३ मे

तळमजल्याचं कुलूप आज काढलं. २०२१ च्या पुरानंतर खाली कुणी राहिलंच नाही. पिंपं, जुनी कपाटं, मोडका पाळणा, असं काय काय कोंबून दार ओढून घेतलं होतं. आता तिथं गल्लीतल्या मुलांसाठी अभ्यासिका करायचं ठरलं आहे.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या या गल्लीत एकेका खोलीत पाच-पाच माणसं राहतात. स्वयंपाक तिथंच, टीव्ही तिथंच, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूसही तिथंच. दहावी-बारावीची पोरं जिन्यावर वाचतात, देवळाच्या कट्ट्यावर वाचतात, एक जण रात्री उभ्या असलेल्या रिक्षात टॉर्च लावून बसतो. शाळेत शिकवत होते तेव्हापासून ही मुलं मला दिसत आली आहेत. कोल्हापूरला वाचनालयं नवी नाहीत, करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचं. पण रात्री नऊ वाजता आई निर्धास्तपणे पोरीला पाठवील अशी जागा हाकेच्या अंतरावरच हवी.

बेत असा: दोन खोल्या, धड भिंती, लांब टेबलं, चांगले दिवे, थोडी पुस्तकं. शाळा सुरू व्हायच्या आत उघडायचं.

खर्चाची वही वेगळी आहे. या वहीत फक्त अडलेलं काम लिहायचं. कुठं अडलं, कशानं अडलं, आणि अडलं म्हणून काय कळलं. बांधकाम हा माझा प्रांत नाही, त्यामुळं जिथं अडेल तिथं थांबून बघायचं असा नेम केला आहे. एरवीही मला जे काही नीट उमगलं, ते बहुतेक अडल्यावरच उमगलं.

८ मे

पुढच्या खोलीतली उत्तरेकडची भिंत. जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत, गिलावा फुगलाय. हात फिरवला की पांढरं पीठ तळव्याला लागतं. गवंडीमामांनी बोटावर घेऊन जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकले. "लोणा हाय. खारट."

त्यांचा इलाज तयार होता. फुगलेला गिलावा पाडायचा, नवा सिमेंटचा मारायचा, त्यात वॉटरप्रूफिंगचं औषध घालायचं. चार दिवसांचं काम. मग स्वतःच म्हणाले, "पण बाई, पुरानंतर ह्येच केल्तं की ओ हितं. तवा लोणा कमरंपतोर हुता. आता वीतभर वर गेलाय."

या वीतभरानं मला थांबवलं. इलाज तोच, औषध तेच, आणि दुखणं मात्र वर सरकलेलं. तोच इलाज पुन्हा करायचा तर ते आणखी वर सरकणार. मामांना म्हटलं, उद्या काही पाडू नका. आधी भिंतीचं म्हणणं काय आहे ते बघू.

९ मे

मोठा प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. एक रात्र तसाच राहू द्यायचा. सकाळी पाणी कागदाच्या बाहेरच्या अंगाला, खोलीच्या बाजूला दिसलं तर ओल हवेतली. आतल्या अंगाला, भिंतीच्या बाजूला दिसलं तर ओल भिंतीतूनच येते आहे.

१० मे

पाणी आतल्या अंगाला. बारीक बारीक थेंब, आणि खालच्या बाजूला जास्त दाट. बाहेरचा भाग ठणठणीत कोरडा, आणि हे ऐन मे महिन्यात.

जुन्या घरांच्या डागडुजीची माहिती असलेल्या एका ओळखीच्या इंजिनिअरांना फोटो पाठवले, संध्याकाळी ते स्वतःच येऊन गेले. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवते. आमची भिंत खाली काळ्या दगडाची, वर भाजक्या विटांची, सांध्यांत चुना. असल्या भिंतीत खाली जमिनीची ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटांच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. चुन्याचा गिलावा असला की ते वाटेतच भिंतीच्या अंगातून हवेत उडून जातं, म्हणून शंभर वर्षांच्या भिंती कोरड्या दिसतात. सिमेंटचा गिलावा पाणी बाहेर पडू देत नाही. बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आतल्या आत आणखी वर चढतं, आणि जिथं सिमेंट संपतं तिथं बाहेर येतं. पाणी उडतं, त्यातले क्षार मागं राहतात, तोच लोणा.

म्हणजे ओल अडवायला केलेलं कामच ओलीला वर ढकलत होतं. लोणा नुसता त्रास देत नव्हता, वाट बंद झाल्याचं तीन वर्षं सांगत होता. वर रंग मारून त्याला गप्प केलं की तो वीतभर वर जाऊन परत तेच सांगायचा.

सिमेंट सगळं काढायचं. भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची. जूनचा मुहूर्त गेला, हे आजच लिहून टाकते.

२६ मे

गिलावा उतरवून झाला. मामा भिंत पाण्यानं धुणार होते, इंजिनिअरांनी थांबवलं. पाण्यानं धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडायचं आणि झाडलेलं उचलून घराबाहेर टाकायचं. गल्लीतली चार पोरं सुट्टीची रिकामी होती, ती आली. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर झाडत होती.

भिंत उघडी पडल्यावर ओलीचा नकाशाच दिसला. सगळीकडे सारखी नाही. कोपऱ्यात सर्वांत काळी, तिथून उतरत गेलेली. तो कोपरा धरून बाहेर गेलो, तर मागच्या बोळात गच्चीच्या पाइपाचं खालचं कोपर फुटलेलं. गच्चीवरचं सगळं पाणी पायाच्या दगडावर पडतं. शिवाय समोरचा रस्ता दर वेळी डांबरावर डांबर घालून इतका वर आलाय की आमचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला.

पाइप बदलायला अर्धा दिवस लागला. रस्त्याच्या बाजूनं भिंतीलगत चर खणून खडी भरायला एक आठवडा. रंगावर रंग मारत बसलो असतो तर हे दोन्ही कधी दिसलं नसतं.

१० जून

पाऊस लागला. पुढचं दार फुगलं, अर्धं उघडतं आणि फरशीला घासून अडकतं. सुतारानं बघून रंधा मारायला नकार दिला. "आत्ता पाणी पिऊन फुगलंय. आत्ता तासलं तर दिवाळीला फट पडंल." वाट बघायची.

तेव्हा येणं-जाणं मागच्या दारानं, बोळातून. माझा गुडघा सध्या शिडी चढू देत नाही, म्हणून मी मागच्या पायरीवरच खुर्ची टाकून बसते. बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. मे महिन्यात झाडलोटीला सगळे मुलगेच आले होते. आता मुलीही येतात, चौकशी करतात, "बाई, कधी सुरू होणार?" विचारतात. मे महिन्यात का नाही आलात? एकमेकींकडं बघून हसल्या. शेजारच्या आक्कांनी मला मग सांगितलं: "पुढच्या दारासमोर तालमीचा कट्टा हाय न्हवं. तितं सांजचं पोरं बसत्यात. ह्या पोरी तितनं कशा येतील? मी बी माझ्या नातीला न्हाई पाठवणार. बोळातनं पाठवतो."

हे मला शिक्षिका म्हणून, बाई म्हणून, कुणी न सांगता दिसायला हवं होतं असं आक्कांना वाटलं असेल. ते असो. दार फुगलं नसतं तर अभ्यासिका मुलग्यांचीच झाली असती, आणि मुली येत नाहीत म्हणजे त्यांना आवड नाही, असं कुणीतरी म्हणून मोकळं झालं असतं.

ठरलं: मागचं दार हेच अभ्यासिकेचं दार. बोळात दिवा, चपलांची मांडणी, पाटी, सगळं तिकडं. दिवाळीत दार पूर्ववत झालं तरी.

१९ जून

इचलकरंजीहून वन्संचा फोन. घरात त्यांचाही वाटा आहे, त्यामुळं त्यांना विचारूनच सगळं चाललंय, पण त्या पहिल्यापासून नाखूश. आज आवाज चढला. "वहिनी, दोन पूर बघितलेत त्या खोलीनं. तिथं पुस्तकं मांडणार? परत पाणी आलं की कोण काढणार? तुम्ही? गुडघा धरून?"

मन खट्टू झालं. फोन ठेवला आणि मधल्या दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिले. यांनी तिथं पेन्सिलीनं दोन रेघा मारून ठेवल्यात, २०१९ ची आणि तिच्यावर थोड्या अंतरावर २०२१ ची. दोन्ही माझ्या डोक्यावर. वन्सं नाराज आहेत हा एक भाग झाला. पण त्यांनी विचारलेलं खरंच आहे, आणि माझ्या आराखड्यात त्याचं उत्तर नव्हतं. भिंतीतली कपाटं करून घेणार होते, कडाप्प्याच्या फळ्यांची. त्या कपाटातली पुस्तकं आयत्या वेळी काढायची म्हणजे हाता-हातानं, एकेक गठ्ठा.

कपाटं रद्द. बाजारात भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट असतात तसले घ्यायचे, उघड्या लोखंडी रॅकवर ड्रॉवरसारखे सरकवून ठेवायचे. पुस्तकं क्रेटमध्येच उभी. एका क्रेटचं वजन आठवीतल्या मुलीला जिन्यानं वर नेता येईल इतकंच भरायचं. दिव्यांचे बटणबोर्ड २०२१ च्या रेघेच्या वर.

वन्संना परत फोन करून हे सांगितलं. लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "क्रेटना नंबर घाला. नाहीतर खाली आणताना गोंधळ व्हायचा." हे मला सुचलं नसतं.

२६ जून

शाहू जयंती. दसरा चौकात जाऊन आले.

येताना मनात वसतिगृहांचाच विचार होता. खेड्यातली मुलं कोल्हापुरात येऊन शिकत नाहीत, म्हणजे त्यांना शिकायचं नाही, असं म्हणणारे तेव्हाही असतील. शाहू महाराजांनी मुलं नेमकी कुठं अडतात ते पाहिलं. शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं, तिथं ती अडत होती. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. ज्या ठिकाणी माणूस अडतो त्याच ठिकाणी काम करायचं, ही या गावाला मिळालेली फार मोठी शिकवण आहे असं मला वाटतं. आमचं काम त्यापुढं अगदी लहान, पण बघायची पद्धत तीच ठेवायची आहे.

२४ जुलै

दोन दिवस संततधार. कोल्हापुरात या दिवसांत माणसं एकमेकांना "कसं आहे?" विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आज दुपारी ३९ ओलांडली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागलेत. धरण ठराविक पातळीला भरलं की ते आपले आपण उघडतात, आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. जामदार क्लबजवळ पाणी आलंय म्हणे. आमच्याकडं नेहमी आधी तिथलीच बातमी येते.

आमचा नियम आधीच ठरवून भिंतीवर लावलेला: ३९ ला खालचे क्रेट वरच्या रॅकवर, ४१ ला सगळे क्रेट माडीवर, ४३ ला टेबलंसुद्धा. अजून अभ्यासिका सुरू व्हायची आहे, पण जमलेली पुस्तकं क्रेटमध्ये आहेत. मुलांना हाक मारली.

२६ जुलै

४३ च्या वर गेली. सगळं माडीवर. जिन्यावर पोरापोरींची रांग लागली आणि क्रेट हातोहात वर गेले. एकाही पुस्तकाला पाणी लागलेलं नाही. पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. रात्री आक्का आणि त्यांची नात आमच्याकडंच झोपल्या.

एक गोष्ट इथं स्पष्ट लिहिते, कारण ही वही उद्या मुलं वाचतील. नदीकाठच्या ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना कुणी "यातून शिका" म्हणू नये. पूर हा कुणाला धडा द्यायला येत नाही. चिखल उपसणाऱ्या माणसापुढं असं बोलणं क्रूर आहे. वाचायचं आणि शिकायचं ते ज्याच्या हातात पुढची व्यवस्था आहे त्यानं. रॅक कुठं लावायचे, बटण किती उंचीवर घ्यायचं, हे ज्याला ठरवायचं आहे त्यानं.

१४ ऑगस्ट

भिंत सुकते आहे, पण हळू. पावसात दुसरं काय होणार. खिडक्या उघड्या, पंखा सुरू. बाकी काम नाही.

११ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. समोर मांडव, रात्री साडेदहापर्यंत स्पीकर. वीजजोडणीचा अर्ज एका कागदासाठी परत आला, तो कागद आणायला परत जायचं. या दोन्ही गोष्टींत मी काहीतरी अर्थ शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. स्पीकर दहा दिवसांनी थांबतो, कागद मिळाला की अर्ज पुढं जातो. यात भिंतीसारखं आत काही दडलेलं नाही.

फरक कसा ओळखायचा याचा मात्र विचार केला. लोणा त्याच जागी पुन्हा आला, आणि इलाज केल्यावर आणखी वाढून आला. मुलींचं न येणं एकीचं नव्हतं, सगळ्याजणींचं होतं. वन्संचा विरोध पूर बघितलेल्या माणसाचा होता. म्हणजे जे परत परत तिथंच अडतं, जे वेगवेगळ्या माणसांना एकाच जागी अडवतं, किंवा ज्यानं प्रत्यक्ष भोगलंय तो ज्याच्याबद्दल बोलतो, तिथं थांबून बघायचं. बाकीच्याला रांगेत उभं राहून कागद आणायचा आणि पुढं चालायचं. सगळ्यातच देवाचा निरोप शोधत बसलं तर अभ्यासिका पुढच्या पिढीत उघडेल.

२१ ऑक्टोबर

आजचा दिवस चुन्याचा. याबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

भिंत कोरडी झाली. कोपऱ्यात किंचित सावळी आहे, पण प्लॅस्टिकचा कागद लावून बघितला, आता थेंब नाहीत. घाणीचा, म्हणजे दगडी चाकाखाली मळलेला, चुना मिळवायला वेळ गेला, कारण हे काम करणारे हात आता थोडेच आहेत. पन्हाळ्याकडचे एक म्हातारे गवंडी मिळाले. त्यांनी आधीच चुना पाण्यात भिजवून कित्येक आठवडे मुरत ठेवला होता. लोण्यासारखा मऊ झालेला. त्यात चाळलेली वाळू, भाजक्या विटांची भुकटी, हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी. दगडी चाकाखाली सगळं मळून एकजीव करायचं. आता चाक बैलांऐवजी मोटर फिरवते, एवढाच फरक.

गूळ का, असं मुलांनी विचारलं. म्हातारबाबा म्हणाले, "गुळानं चुना सावकास आवळतो. घाईनं आवळला की तडकतो." कोल्हापूरच्या मुलांनी गूळ खाल्लेला, गुऱ्हाळावर रस प्यालेला, पण भिंतीत गूळ जातो हे त्यांना नवीन. गुऱ्हाळं नुकतीच पेटायला लागलीत, काकवीचा वास येतोय अशा दिवसांत हे काम निघालं याचं मला फार बरं वाटलं.

पहिला थर जाड, खरबरीत. थापीनं जोरात मारतात, म्हणजे सांध्यांत शिरतो. तो ओढला की दुसरा, बारीक. मग लाकडी रंध्यानं घोटत राहायचं. सिमेंटचं काम संध्याकाळी हात धुऊन संपतं. चुन्याचं तसं नाही. रोज पाणी शिंपडायचं, ओली पोती टांगायची, उन्हाची तिरीप अडवायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत घेत परत दगड होत जातो, आणि त्याला महिने लागतात. मधे एका जागी केसासारखी चीर पडली. म्हातारबाबांनी तिच्यावर बोट ठेवून सांगितलं, "हितं ऊन पडतंय दुपारचं. पोतं सरकलं असंल." खरंच सरकलं होतं. चीर ओली करून परत घोटली, मिटली.

मामा, आमचे सिमेंटवाले गवंडी, तीन दिवस हे सगळं बघत उभे होते. आज त्यांनी स्वतःहून थापी घेतली.

१० नोव्हेंबर

आज किरणोत्सवाचा दुसरा दिवस. मुलांना घेऊन अंबाबाईच्या देवळात गेले. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ज्यांनी हे बांधलं त्यांनी सूर्य, वाट आणि मूर्ती यांचा हिशेब किती बारकाईनं केला असेल.

आणि तरी दरवर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, किरणं पोचणार का? कधी ढग, कधी हवेतली धूळ आणि बाष्प, कधी वाटेत उंचावलेली बांधकामं. किरणांच्या मार्गातले अडथळे शोधून काढायची, मोजायची, हटवायची चर्चा वर्षानुवर्षं चालते, आणि ते बरोबर आहे. ढगाला काही करता येत नाही. पण माणसानं मधे उभी केलेली भिंत हटवता येते आणि हटवलीच पाहिजे. हा अडथळा आपल्याला काय शिकवतो, असं म्हणत त्याच्यापुढं हात जोडून बसायचं नसतं.

परतताना आक्कांच्या नातीनं विचारलं, "मग बाई, आपल्या पुढच्या दाराचा कट्टा पण हटवायला पाहिजे की?" चांगला प्रश्न आहे. तालमीतल्या मोठ्या मुलांशी बोलायचं ठरवलं आहे. मागचं दार आम्ही आनंदानं निवडलं, पण पुढून येता येत नाही म्हणून मागून यायचं, हे कायमचं असू नये.

१ डिसेंबर

अभ्यासिका उघडली. नारळ म्हातारबाबांनी फोडला. वन्सं आल्या होत्या, क्रेटवरचे नंबर त्यांनी स्वतः रंगवलेत, पिवळ्या रंगात. वेळ संध्याकाळी ५ ते ८.

१२ डिसेंबर

पाच वाजता जागा भरते. साडेसहाला मुली चुळबुळ करायला लागतात आणि पावणेसातला बहुतेक निघून जातात. दहावीतली एक तर गणित अर्धवट टाकून उठते, पानावर पेन्सिल तशीच ठेवून. मुलगे बसून राहतात.

आज तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेले. नळाला पाणी येतं पावणेसातला, पाऊण तास. कळशी, घागर, दोन पिंपं. आई तेव्हा कामावरून यायची असते. भाऊ अभ्यासिकेत बसलेला. पाणी भरून, पोळ्या लाटून ती मोकळी होते साडेआठला, आणि तोवर आम्ही कुलूप घातलेलं असतं.

अभ्यासिकेची वेळ मी माझ्या सोयीनं ठरवली होती असं नाही, सगळ्या पालकांना विचारून ठरवली होती. पण सांगायला आले होते ते बाप. पाण्याची वेळ त्यांच्या डोक्यातच नव्हती.

तिला मी काय सांगू? अडचणींतूनच माणूस घडतो? ती रोज घागर उचलते आहे, तिला ते माझ्याकडून ऐकायची गरज नाही. तिच्या अडचणीतून शिकायचं मी, वेळ बदलायची मी, आणि तिच्या भावाला घागर धरायला लावायची तिच्या आईनं आणि मी मिळून.

२० डिसेंबर

नवीन वेळ: संध्याकाळी ५ ते ६.३०, मग ८.१५ ते १०.३०. मधे बंद, म्हणजे पाणी भरायला मुलगेही मोकळे, "अभ्यास चाललाय" ही सबब नको. रात्रीच्या वेळेला दोन आया आळीपाळीनं बसणार. त्यातल्या एकीनं स्वतः शाळेत न जाता दहावीला बसायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा विचार बोलून दाखवला. खुर्ची तिलाही आहेच.

पहिल्याच रात्री ती दहावीतली पोरगी पावणेनऊला आली, पेन्सिल ठेवलेलं पान उघडलं आणि ते गणित सोडवूनच उठली. भाऊ पाच मिनिटं आधी आला होता, बाही कोपरापर्यंत ओली.

९ जानेवारी

चुना चांगला धरतो आहे. भिंतीला हात लावला तर गार लागते, ओली नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात जमिनीलगत तळहाताएवढा पांढुरका डाग दिसतोय. मामा म्हणाले, आतले उरलेले क्षार बाहेर पडतायत, पहिल्या वर्षी पडणारच, कोरड्या ब्रशनं झाडायचं. डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली. महिन्यानं बघायचं, रेघेच्या बाहेर गेला का.

पाण्याची वेळ बदलून सकाळची मिळावी यासाठी अर्ज लिहिला आहे. गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेणं चालू. आक्कांनी आज बोळाच्या पलीकडची घरं घेतली. उद्या मी तालमीच्या बाजूची घेणार, आणि त्याच फेरीत कट्ट्यावरच्या पोरांशी बोलणार.

आणायचं: कोरडे ब्रश दोन, बोळासाठी एलईडी बल्ब, क्रेट नंबर १४ ला नवीन पट्टी.